विसार पावतीवर सही करण्याआधी

गावाजवळून नवा रस्ता निघाला, की जमिनीचे मध्यस्थ दारात येतात. "ताई, हे पन्नास हजार ठेवा, इथं सही करा, बाकीचे सहा महिन्यांत." कागद एक पानाचा. पण त्यात बहुतेक वेळा एक ओळ असते : 'आपण सांगाल त्या व्यक्तीच्या नावे खरेदीखत करून देईन.' आज या ओळीबद्दल बोलूया.

समजा, एकराचे वीस लाख ठरले. मध्यस्थाला जमीन स्वतः घ्यायचीच नसते. तो शहरातलं गिऱ्हाईक गाठतो, अठ्ठावीस लाख सांगतो. वरचे आठ लाख त्याचे. गिऱ्हाईक मिळालं नाही, तर तो गप्प. अडकता तुम्ही. जमीन दुसऱ्याला विकायला गेलात, तर 'करार पुरा करा' असा दावा तो लावू शकतो. खरेदीची तारीख ठरलेली असेल, तर त्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत त्याला ही मुदत असते.

कधी खरेदीखतात अठ्ठावीस लाख लिहिलेले असतात आणि खाली 'सर्व रक्कम मिळाली' म्हणून तुमची सही. हातात वीसच. पुढे वाद झाला, तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

विसारासोबत कुलमुखत्यारपत्र मागितलं, तर थांबा. त्या कागदावर तो तुमच्या वतीनं सह्या करू शकतो.

आता घेणाऱ्या बायकांसाठी. मध्यस्थाकडे नुसती विसार पावती असेल, तर तो मालक नव्हे. विसार किंवा कुलमुखत्यारपत्रानं मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं आहे. सातबाऱ्यावर नाव कोणाचं, ते पाहा आणि पैसे त्याच्याच खात्यात भरा. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट असेल, तर दलालाचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा. एकट्या शेताच्या व्यवहाराला मात्र हे संरक्षण सहसा नसतं.

मग करायचं काय? घेणाऱ्याचं नाव, पूर्ण किंमत आणि शेवटची तारीख कागदात लिहून घ्या. तारीख टळली तर करार संपेल, विसाराचं काय होईल, तेही लिहा. 'आपण सांगाल त्या' ही ओळ खोडायला लावा. मध्यस्थाला दलाली द्यायची, तर तिचा आकडा वेगळ्या कागदावर ठरवा. पैसे बँकेतून घ्या आणि सही केलेल्या कागदाची प्रत घरी ठेवा.

कागद वाचून घ्यायला वकील परवडत नाही, असं म्हणू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.

मध्यस्थ म्हणेल, "आजच सही हवी, उद्या भाव पडेल." त्याला सांगा, "भाऊ, कागद ठेवून जा. आमच्या गटात वाचून घेते, मग बघू."

रामराम.