न फेडलेली उचल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. हा डॉक्टरांचा विषय, फार तर महिला आघाडीचा, अशी आपली समजूत असते. परंतु खेड्यातील स्त्रीच्या शौचकूपाचा आणि चुलीतील धुराचा प्रश्न डॉ. राममनोहर लोहियांनी राजकारणाचा प्रश्न मानला होता, हे आठवले तर नवल उरणार नाही. शिवाय या रोगाच्या बाबतीत वैद्यकाने आपले काम बरेचसे पुरे केले आहे. मागे पडले आहे ते राज्यसंस्थेचे आणि समाजाचे काम.

हा रोग एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. संसर्ग शरीरसंबंधातून होतो, पुरुषही तो वाहून आणतो, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो आपोआप नाहीसा होतो. तेव्हा येथे कोणाच्या शीलाचा प्रश्न नाही. ज्यांच्यात तो टिकतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. या अवधीत बिघडलेल्या पेशी हेरून बहुधा जागच्या जागी नष्ट करता येतात. त्यासाठी सहसा गर्भाशय काढावे लागत नाही. असे असूनही २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात १ लाख २७ हजारांहून अधिक स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ८० हजार दगावल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्के स्त्रियांची यासाठी कधीतरी तपासणी झालेली आढळली.

आता मराठवाड्यातील दोन शेजारी जिल्ह्यांकडे पाहू.

पहिला, तेव्हाचा उस्मानाबाद आणि आजचा धाराशिव. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तेथे एक मोठा प्रयोग केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ ग्रामीण स्त्रिया त्यात सामील होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी करून गरजेप्रमाणे उपचार देण्याची सोय ज्या गटात होती, तेथे आठ वर्षांत ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, पण चाचणी न झालेल्या गटात ६४ दगावल्या. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा पुरावा साऱ्या जगाने स्वीकारला. चाचणीविना ठेवलेल्या गटाबद्दल नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते रास्तच होते. पण त्या स्त्रियांकडून जगाला ज्ञान मिळाले, हे त्या आक्षेप घेणाऱ्यांनाही नाकारता येणार नाही.

दुसरा जिल्हा बीड. तेथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाल्यावर २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली निघाली; म्हणजे सहांपैकी एकीची. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते, म्हणून बाई खाजगी दवाखान्यात जाते. तेथे तिला सांगितले जाते, "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल."

हा योगायोग पाहा. ज्या कर्करोगापासून एका चाचणीने बचाव होतो, हे शेजारच्या जिल्ह्यात सिद्ध झाले, त्याच कर्करोगाची भीती घालून येथे चाचणीविना अवयव काढला जातो. प्रतिबंध बाईपर्यंत पोचला नाही. भीती मात्र पोचली, आणि तिचे दाम कर्ज काढून मोजले गेले.

केवळ लोभी डॉक्टरांना शिव्या घालून हा प्रश्न सुटणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाड्याचा दंड. फडात आडोसा नाही, कोपीजवळ पाणी नाही. अशा स्थितीत पाळी हा आजार ठरतो आणि पिशवी काढणे ही 'सोय' वाटू लागते. पुढे अकाली पाळी जाते, हाडे ठिसूळ होतात, कंबर वाकते. तो तोटा ना कारखान्याच्या वहीत दिसतो, ना मुकादमाच्या. शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट बीडमध्ये घालण्यात आली. ती योग्यच होती. परंतु अटीने शस्त्रक्रिया रोखता येते. दुखणे बरे होत नाही.

पुण्यात तयार झालेल्या एचपीव्ही लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मुलींसाठी ती अवश्य मागावी. पण आज पस्तिशीत असलेल्या तिच्या आईला लस पुरेशी नाही. तिला चाचणीच हवी.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. दसऱ्याच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात. त्यापूर्वी ३० वर्षांवरील प्रत्येक बाईची एचपीव्ही चाचणी गावातच आणि मोफत व्हावी. नमुना बाई स्वतःही घेऊ शकते. अहवाल आणि उपचार टोळी हलण्याआधी मिळावेत. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा कापू नये. तळावर पाणी आणि शौचालय देण्याची जबाबदारी कारखान्याची मानावी. आणि घरोघर जाऊन, पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, पण तपासणी टाळूही नये, हे सांगण्याचे काम आपले. त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहायला नको.

शेवटी एकच. ऊसतोड कामगार घेतलेली उचल अंगमेहनतीने फेडतो. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा कोयता उचलतो. मराठवाड्यातील हजारो स्त्रियांकडून जगाने ज्ञानाची उचल घेतली, त्याला वर्षे लोटली. त्यांच्या लेकीसुनांना ती अद्याप परत मिळालेली नाही. ती वसूल करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.