पारा आणि शेजार

मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४४ अंशांवर जातो, तरी माणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून कामाला निघतात. रत्नागिरीत ३७ अंशांतच जीव नकोसा होतो. हवामान खात्याचे निकषही वेगळे: उष्णतेच्या लाटेसाठी मैदानात किमान ४० अंश, किनाऱ्यावर ३७; शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त.

आता संगणकाला गावांची नावं न सांगता नुसते रोजचे कमाल-किमान आकडे द्या. सारख्या चालीची ठाणी तो आपसूक एकत्र बांधतो. दिवसरात्रीत फरक थोडा, तो कोकणचा गट. मोठा, तो विदर्भाचा. गंमत आहे की नाही? पण झडपांच्या पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचताना कुणी ३४ चे ४३ लिहिले, तर यंत्र तेही निमूट शिकतं. म्हणून आधी शेजारच्या ठाण्यांशी ताळा पाहायचा.