उशी कुठे ठेवायची?



आज मी उशीबद्दल बोलणार आहे. उशी, लोड, गोधडीची गुंडाळी आणि तणसानं भरलेलं पोतं यांच्याबद्दल. मी व्यवसायोपचार शिकवते. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, मॅडम, धंद्याला कर्ज कोणत्या बँकेतून मिळतं? त्यांचा दोष नाही, शब्दच फसवा आहे. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळं. आंघोळ, जेवण, लुगडं नेसणं, नातवाला मांडीवर घेणं, पहाटे उठून मोह वेचायला जाणं. दुखण्यानं यातलं काही हातातून सुटलं, तर ते परत हाती देण्याची खटपट हा आमचा उपचार. कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची आपल्या देशातली पहिली शाळा काढली. जन्मानं त्या अमेरिकन, लग्नानं मराठी घरच्या. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. आपल्या गडचिरोलीला जवळचं म्हणजे नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथेही हा विषय शिकवतात.

आमच्या पुस्तकांत एक धडा असतो, रुग्णाला कसं निजवावं याचा. त्यात चित्रं असतात. स्वच्छ पलंग, पांढरी चादर आणि पाच उशा. एक डोक्याखाली, एक खांद्याखाली, एक दुबळ्या हाताखाली, एक गुडघ्यांच्या मध्ये, एक पाठीशी. विद्यार्थी हे चित्र पाठ करतात, परीक्षेत मार्क मिळवतात आणि मग एक दिवस माझ्याबरोबर धानोऱ्याकडच्या एखाद्या गावात येतात. सपरीत बाज. बाजेची वीण सैल पडलेली, झोळीच झालेली. तिच्यात लकवा झालेले आबाजी रुतलेले. सुनेला आम्ही चित्र दाखवतो. ती ते नीट बघते, आणि म्हणते, "येवढ्या उशा कुठून आनाव जी?"

या प्रश्नापाशी आमचा अभ्यासक्रम संपतो आणि काम सुरू होतं.

लकवा हा आपल्या भागातला मोठा आजार आहे, हे पुष्कळांना खरं वाटत नाही. गडचिरोली म्हटलं की मलेरिया आठवतो, साप आठवतो. पण डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली. तो निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. दर सात मृत्यूंत एक लकव्याचा निघाला, आणि ती माणसं बहुतेक करून घरीच गेली. तेव्हा एक गोष्ट आधीच सांगून टाकते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर पहिल्या साडेचार तासांतच थेट मोठा दवाखाना गाठायचा. औषधवाल्या बुवाकडे नंतर जा, मी अडवणार नाही. फक्त जीपमध्ये चढवताना लुळा हात धरून ओढू नका. त्या खांद्याला सांभाळणारे स्नायू सैल पडलेले असतात आणि हाताच्याच वजनानं सांधा खाली घसरतो. ओढलं की दुखणं कायमचं मागे लागतं. मी पाहिलेले निम्मे दुखरे खांदे लकव्यानं नव्हे, मदतीला आलेल्यांच्या प्रेमानं दुखावलेले होते.

आता उशा. पाच उशा नसतात, पण धानाच्या मुलखात तणस असतं. युरियाचा रिकामा कट्टा स्वच्छ धुवा, तणस घट्ट भरा, तोंड शिवा, वरून जुन्या लुगड्याची घडी गुंडाळा. पाठीशी लावायला याच्याइतका चांगला लोड दुकानात मिळत नाही. उन्हाळ्यात बदलता येतो, ओला झाला तर गुरांपुढे टाकता येतो. बाजेच्या पायथ्याची दोरी ओढून वीण ताठ करायची, हे काम घरातला कोणीही माणूस दहा मिनिटांत करतो, फक्त कोणी सांगितलेलं नसतं. रुग्णाला सरकवायला चादर दुहेरी करून कमरेखाली घालायची आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायची, गुडघे वाकवून, कंबर नव्हे. नाहीतर महिन्याभरात सूनही बाजेवर.

रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी, असा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, इंग्लंडमधल्या स्टोक मॅंडेव्हिल इथे लुडविग गुटमन नावाच्या डॉक्टरांनी कणा मोडलेल्या सैनिकांना रात्रंदिवस दर दोन तासांनी वळवायला लावलं. त्याआधी अशी माणसं बहुधा पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गानं मरत. आपण निरोगी माणसं झोपेतही हलत असतो. हाड टोचलं की झोपेतच वळतो, उठून कोणाला विचारत नाही. ज्याला टोचणं कळत नाही, किंवा कळूनही वळता येत नाही, त्याच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर रक्त पोचत नाही आणि मांस आतूनच मरतं.

हे वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या आनंदवनात फार आधीपासून माहीत आहे. कुष्ठरोगात पाय झडतो तो रोगानं नव्हे. बधिर पायात काटा मोडतो, खडा रुततो, माणूस त्याच पायानं चालत राहतो, आणि जखम चिघळते. म्हणून तिथे मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला, रोज संध्याकाळी तळपाय बघणं, चुलीवरचं भांडं फडक्यानं धरणं. वेदना जे काम फुकट करते ते डोळ्यांनी करायचं. लकव्याच्या आणि कण्याच्या रुग्णाचंही तेच.

इथे माझी एक चूक सांगते. पुस्तकात लिहिलेलं असतं, कातडी लाल दिसली तर सावध व्हा. मी वर्षानुवर्षं तेच शिकवलं. एका आजींच्या टाचेला लाली कुठेच नव्हती, मी समाधानानं परतले. आठ दिवसांनी टाच काळी पडली होती. त्या आजी सावळ्या, लाली दिसणार कशी? ती पुस्तकं गोऱ्या कातडीच्या देशात लिहिलेली. तेव्हापासून विद्यार्थ्यांना मी बघायला नाही, हात लावायला सांगते. उलटा हात फिरवा. शेजारच्या जागेपेक्षा गरम लागतं का, घट्ट लागतं का, की पिकल्या टमाट्यासारखं लिबलिबीत? रंग गडद झाला का? तिथे तेल चोळू नका, आतलं नाजूक मांस त्यानं आणखी फाटतं. आणि बाजारात मिळणारी ती भोकाची रबरी गादी घेऊ नका. भोकाच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या जागेचं रक्त आणखी तुटतं. टाचेसाठी पोटरीखाली गोधडीची घडी, म्हणजे टाच अधांतरी राहते. काम झालं.

दर दोन तासांनी हे म्हणायला सोपं आहे. आमच्या विद्यार्थिनी वहीत तक्ता आखून देतात, सहा, आठ, दहा, बारा. रोवणीच्या दिवसांत तो तक्ता कोण पाळणार? सून पहाटे धानाच्या बांधीत, मुलगा बांधीत, घरी आठ वर्षांची नात. म्हणून तक्ता घड्याळाचा नको, घराचा हवा. चहा झाला की डावी कूस. बांधीत जाण्याआधी उजवी. नात शाळेतून आली की बसवायचं. डुकरं हाकायला रात्री कोणी उठतोच, त्यानं जाता जाता एकदा वळवून जावं. पूर्ण कुशीवर वळवायचीही गरज नसते. पाठीशी लोड सरकवून थोडं कलतं केलं तरी माकडहाडावरचा भार जातो. कलतं ठेवायला एकटी बाई पुरते.

जेवणाचंही तसंच. निजवून भरवणं हा आपल्याकडचा मायेचा प्रकार, पण घास श्वासनलिकेत जातो. ताठ बसवायचं, हनुवटी जराशी खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास तसंच बसू द्यायचं. लकव्याच्या माणसाला भातापेक्षा पाणी जास्त अवघड. पातळ पाणी पटकन घसरतं, ठसका लागतो. घट्ट पेज सांभाळून गिळता येते. अंगात सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. हे एक वाक्य शिकवलं की घरातली रोजची झटापट अर्धी होते.

पण नुसतं नीट निजवलं म्हणजे झालं का? नीट कशासाठी, हा प्रश्न उरतोच. आमच्या भागाला हे बाबा आमट्यांनी दाखवून ठेवलं आहे. मणक्याच्या विकारामुळे बाबांना बसताच येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, मधलं काही नाही. आमच्या पुस्तकी हिशेबानं हा गंभीर मर्यादा असलेला रुग्ण. या रुग्णानं १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरला 'भारत जोडो' यात्रा नेली. तरुण मुलं सायकलींवर, आणि बाबा गाडीत आडवे. १९८८ साली पुन्हा, इटानगरहून ओख्यापर्यंत. १९९० साली नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले. बसता येत नाही ही गोष्ट कोणी बरी केली नाही. गाडीत आडवं होण्याची सोय केली, एवढंच. मी विद्यार्थ्यांना विचारते, तुम्ही त्यांचे थेरपिस्ट असता तर पहिलं उद्दिष्ट काय लिहिलं असतं? निम्मे जण लिहितात, 'रुग्णाला पंधरा मिनिटं बसवणं'.

परवाच्या दिवाळीनंतरची गोष्ट. वडसा भागातले एक आबाजी, उजवं अंग गेलेलं, बोलणं तुटक. काय करावंसं वाटतं, असं विचारलं तर एकच शब्द, "नाटक." आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली की गावोगाव नाटकं, रात्रभर. घरचे हसले. माझी विद्यार्थिनी हसली नाही. महिनाभर तिनं त्याचीच तयारी केली. हाताच्या खुर्चीत कंबर मागे टेकवून, दोन्ही पाय जमिनीला लागतील असं बसवलं. पाय पोचेनात, तर खाली वीट ठेवली. लुळ्या हाताखाली बांबूच्या दोन कामट्यांवर फळी बांधून आणली. बसल्यावर दाब निजल्यापेक्षा जास्त येतो, बैठकीच्या हाडांवर. दर पंधरावीस मिनिटांनी एका बाजूला झुकायला हवं. रात्रभर घड्याळ कोण बघणार? तर तिनं आबाजींना सांगितलं, गाणं सुरू झालं की डावीकडे झुका, पुढच्या गाण्याला उजवीकडे. झाडीपट्टीच्या नाटकात गाण्यांना तोटा नाही. मध्यंतरात सतरंजीवर आडवं व्हायचं, पाठीशी तणसाचा कट्टा.

दुसऱ्या दिवशी मी टाचा, खुबे, माकडहाड सगळीकडे उलटा हात फिरवून पाहिलं. कुठे गरम नव्हतं. फळी शाबूत होती. तणसाचा कट्टा मात्र मंडपातून कोणीतरी बसायला पळवला होता, आणि आबाजी त्याच्यावरून, तुटक तुटक का होईना, चांगल्या शिव्या देत होते.