स्वायत्तता आणि सातबारा
(बुलढाणा येथील व्याख्यानाचा मजकूर)



चर्चचा इतिहास म्हणजे केवळ धर्मप्रचाराचा वृत्तांत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याच्या मुळाशी बहुधा जमिनीचा प्रश्न असतो. छोटानागपूरच्या गॉस्नर लुथरन चर्चचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

बर्लिनच्या योहानेस गॉस्नर यांनी धाडलेले चार मिशनरी १८४५ साली रांचीला पोहोचले. उरांव व मुंडा शेतकरी त्यांच्याकडे वळले ते निव्वळ उपदेश ऐकून नव्हे. जमीनदारांनी जमिनी बळकावल्या होत्या, वेठबिगार लादली होती; दाद मागायला कोणाचा तरी आधार हवा होता. तो अपुरा ठरताच सरदारी चळवळीतील अनेकांनी मिशनकडे पाठ फिरवली. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बिरसा मुंडांनीही ती वाट सोडली. १९०८ चा कुळकायदा हे अशा लढ्यांचेच फलित होय.

पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना हटवले. अँग्लिकन चर्चमध्ये विलीन होण्याचा मार्ग खुला होता. स्थानिक मंडळींनी तो नाकारला आणि १० जुलै १९१९ रोजी आपले चर्च स्वायत्त घोषित केले. हे धैर्य आकाशातून पडले नव्हते. त्यांच्या पायाखाली लढून राखलेली जमीन होती.

बुलढाणा जिल्ह्याचे चित्र निराळे आहे. येथे लुथरन नव्हे, तर नाझरीन आणि अलायन्स ही अमेरिकन मिशने आली. अमेरिका इंग्रजांच्या बाजूची; त्यामुळे युद्धाने त्यांना हलवले नाही. कापसाने खामगावची पेठ फुलवली, त्याच वऱ्हाडात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे अन्नाविना मेली आणि मिशनांना अनाथालये काढावी लागली. ख्रिस्ती झालेल्यांत गावकुसाबाहेरचे पुष्कळ होते. ज्यांच्या नावावर सातबाराच नाही, त्यांनी स्वायत्तता पेलावी तरी कशाच्या बळावर?

स्वतंत्र भारतातही हा भेद मिटला नाही. १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती दलित अनुसूचित जातींतून वगळले गेले. शिखांना १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली उघडलेले दार त्यांना आजही बंद आहे. रांचीचा ख्रिस्ती उरांव मात्र अनुसूचित जमातीतच राहतो, आणि ते योग्यच आहे. मग बुलढाण्याच्या ख्रिस्ती मांगाला निराळा न्याय का? धर्म बदलला म्हणून गावाने त्याची जात विसरली नाही. सरकारने तेवढी सोयीस्करपणे विसरली. सवलतीचा निकष प्रार्थनास्थळ नव्हे, सामाजिक वास्तव असला पाहिजे.