विमानाच्या नाकावर किती सीसी?

(स्नेहमेळाव्यातील व्याख्यानाचं शब्दांकन)



शाळेच्या विज्ञान मंडळाला आपल्या बॅचतर्फे रेडिओवर उडणारं एक मोठं विमान द्यायचं, हे आपण दिवाळीत ठरवलं. सांगाडा तयार आहे. तो बाहेरच्या व्हरांड्यात ठेवलाय आणि सकाळपासून प्रत्येकाने त्याच्यासोबत फोटो काढून घेतलाय. इंजिनावर मात्र आपल्या व्हॉट्सअॅप गटात तीन महिने रणकंदन चालू आहे. ‘५५ सीसी घ्या, पैसे मी देतो’ असं आखातातून सांगणारा एक मित्र, ‘पेट्रोल नकोच, बॅटरी बसवा’ म्हणणाऱ्या दोन मैत्रिणी, आणि प्रत्येक मेसेजला नुसता अंगठा दाखवणारे बाकीचे सगळे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि रविवारी माळावर विमानं उडवते, म्हणून हा विषय माझ्या गळ्यात पडला. माझं मत आधीच सांगून टाकते: २० सीसी घ्या, आणि वाचलेले पैसे व वेळ ते नीट बसवण्यावर घालवा.

बॅटरीवाल्यांचं म्हणणं खोटं नाही. विमान दीड-दोन किलोचं असतं तर मी पेट्रोलचं नावही काढलं नसतं. पण हे सात किलोचं धूड आहे. त्याला लागणाऱ्या बॅटऱ्या महाग, त्यांना जपावं लागतं, आणि शाळेच्या कपाटात त्या दोन उन्हाळे पडून राहिल्या तर फुगतील. उलट पाव लिटरपेक्षा थोड्या जास्त पेट्रोलवर हे विमान पंधरा मिनिटं आरामात उडेल. छोट्या विमानांसाठी पूर्वीपासून जी ग्लो इंजिनं वापरतात, त्यांना मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि एरंडेल किंवा कृत्रिम तेल यांचं मिश्रण लागतं. मेथॅनॉल विषारी आहे, सहजी मिळतही नाही. शाळेत ते नकोच.

राहिलं पेट्रोल. आपल्यातल्या निम्म्या लोकांनी हे इंजिन लहानपणी पाहिलंय. आठवा, घरची लुना. पंपावर पेट्रोलात टू-टी ऑइल टाकून घ्यायचं, डबा हलवायचा आणि निघायचं. तेच टू-स्ट्रोक तत्त्व. आपल्या मित्राचं ५५ सीसी म्हणजे लुनापेक्षा थोडं मोठंच इंजिन विमानाच्या नाकावर! या जातीच्या इंजिनांचं कूळ मात्र लुनाचं नाही. ती झाडं तोडायच्या चेनसॉच्या घराण्यातली. चेनसॉ आडवी-उभी-उलटी कशीही धरली तरी चालावी लागते, म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये तरंगती वाटी नसते, पातळ पडदा असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर तो पडदा पंपासारखा हलतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. विमान कलंडलं, उलटं झालं तरी इंजिनाला इंधन मिळत राहतं, ते त्यामुळे.

आता ताकदीचा हिशेब. खरं पायपर जे-३ कब १,२२० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ५५३ किलो भार घेऊन उडायचं, ६५ अश्वशक्तीवर. भागाकार केला तर किलोमागे ०.१२ अश्वशक्तीसुद्धा येत नाही. २० सीसीच्या इंजिनाला निर्माते अडीच अश्वशक्ती सांगतात. सात किलोंनी भागा: ०.३६. मूळ विमानाच्या तिप्पट. निर्मात्यांची थोडी बढाई वजा केली तरी दुपटीहून जास्त राहतेच. ५५ सीसी बसवलं तर हा आकडा पाच-सहा पटींवर जाईल. कब हे शेतातून उठणारं, रमतगमत जाणारं विमान आहे. त्याला एवढी ताकद देणं म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन लावणं. गाडी पळेल, पण आधी चाकं निखळतील.

तरी माझा मुख्य मुद्दा ताकदीचा नाही, तोलाचा आहे. आपलं विमान मूळच्या चतुर्थांश मापाचं. मूळ पंख ३५ फूट ३ इंच, आपले १०६ इंच. कबचं नाक आखूड आणि शेपूट लांब. तोलबिंदूपासून नाक साधारण ४० सेंटिमीटर पुढे, शेपूट १२० सेंटिमीटर मागे. सरांनी सातवीत शिकवलेली तरफ इथे जशीच्या तशी लागू होते: शेपटीत १०० ग्रॅम वाढले की नाकाशी ३०० ग्रॅम घालावे लागतात. म्हणून कब बांधणारे लोक बहुधा शेवटी नाकात शिसं भरतात. शिसं भरण्यापेक्षा इंजिनाचंच वजन कामाला लावावं, हे शहाणपण. गेल्या आठवड्यात आम्ही तिघांनी नाकावर एक किलो वाळूची पिशवी टांगून पाहिली. सायलेन्सर आणि इग्निशन धरून २० सीसीचं इंजिन साधारण तेवढंच भरतं. टाकी रिकामी ठेवली, बॅटऱ्या पुढे सरकवल्या, आणि विमान आराखड्यातल्या खुणेवर तोललं गेलं. एक ग्रॅम शिसं लागलं नाही. ५५ सीसीचा सगळा संच याच्या जवळपास दुप्पट भरतो. मग शेपटीत वजन घालायचं, त्यामुळे विमान जड, म्हणून आणखी ताकद हवी... आखातातल्या मित्राने हसू नये, हा वाद मी तीन क्लबांत ऐकलाय.

पंखा निवडताना दोन आकडे असतात. १६ बाय ८ म्हणजे व्यास १६ इंच आणि एका फेऱ्यात, घसरण धरली नाही तर, ८ इंच पुढे. मिनिटाला ८,००० फेरे धरले तर त्याचा वेग ताशी ९७ किलोमीटर होतो. १७ बाय ६ घेतला तर तेवढ्याच फेऱ्यांना ७३. कबसारख्या संथ विमानाला दुसरा बरा: जास्त हवा, कमी घाईने ढकलतो. सुरुवात त्याने करू.

आता बसवणं. इंजिन ज्या उभ्या फळीवर बसतं तिला फायरवॉल म्हणतात. या एका फळीवर इंजिनाचं वजन, ओढ आणि हादरे असं सगळं येतं. एका सिलिंडरच्या इंजिनात दट्ट्याची ये-जा पूर्ण तोलता येत नाही, त्यामुळे ते थरथरतंच. विमान हवेत इंजिन गमावतं, ते बहुधा इंजिन वाईट म्हणून नाही. बोल्ट सैल झाला किंवा फळीचा सांधा सुटला म्हणून. आपली फळी ६ मिलिमीटरच्या बर्च प्लायची आहे. ती पाच मिनिटांत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने चिकटवायची नाही. हळू सुकणारं घ्यायचं, ते लाकडात मुरतं. आतल्या कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या, आणि कडेने खुंट्या ठोकायच्या. भोकं पाडून झाल्यावर त्यांच्या आतल्या कडांनासुद्धा पातळ इपॉक्सी लावायचं, नाहीतर तेल-पेट्रोल लाकडात झिरपतं आणि दोन वर्षांनी फळी भुसभुशीत होते.

भोकं कुठे पाडायची, ही गंमत आहे. पंखा पायलटकडून पाहिला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि ताकद दिली की विमान डावीकडे ओढलं जातं. म्हणून इंजिनाचं तोंड साधारण दोन अंश उजवीकडे वळवतात. पण इंजिन फळीच्या मध्यावर बसवून वळवलं तर पंख्याचा दांडा झाकणाच्या मध्यातून बाहेर येणार नाही. फळीपासून पंख्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर असेल तर दोन अंशांना दांडा ५ मिलिमीटर सरकतो. तेव्हा इंजिनाचा मध्य आधीच ५ मिलिमीटर डावीकडे घ्यायचा. भोकांमधलं आडवं अंतर ५० मिलिमीटर असेल, तर डाव्या बाजूच्या दोन बोल्टांखाली पावणेदोन मिलिमीटरचे वॉशर घातले की दोन अंश मिळतात. काही सांगाड्यांत फळीच तिरकी दिलेली असते. आपली सरळ आहे, मी कोनमापक लावून पाहिलंय.

फळीच्या मागे मोठे वॉशर हवेत, म्हणजे दाब पसरतो आणि लाकूड दबत नाही. नायलॉनची कडी असलेले नट, धातूवर धातू येतो तिथे निळं लॉकटाइट. पहिल्या दोन-तीन उड्डाणांनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण लाकूड थोडं दबतंच. रबरी माउंट लावावा का, असं कोणीतरी विचारलं होतं. माझ्या मते नको. थरथर फळीपर्यंत कमी पोचते हे खरं, पण इंजिन स्वतः जास्त हलतं आणि सायलेन्सर, तारा, नळ्या तुटतात. गार राहण्याची चिंता नाही. खऱ्या कबची सिलिंडर बाहेरच दिसतात, आपलं एकुलतं एक सिलिंडर आडवं बसवलं की तेही बाहेर येतं.

ठिणगी पाडणारी पेटी आणि तिची बॅटरी पुढे, रेडिओ रिसीव्हर किमान फूटभर मागे. ठिणगी म्हणजे छोटं रेडिओ स्टेशनच असतं, ती रिसीव्हरच्या कानात ओरडते. म्हणून दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या, आणि कार्बोरेटर ओढणारी काडी धातूची नाही, नायलॉनची. पेट्रोलला सिलिकॉनची नळी चालत नाही, ती फुगते आणि मऊ पडते. टाकीचं बूचही पेट्रोलला टिकणारंच हवं. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतली आर्द्रता ओढतं. तेव्हा दिवस संपला की टाकी रिकामी करायची आणि इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवायचं. तेल सुरुवातीला लिटरला ३३ मिलिलिटर, इंजिन रुळल्यावर निर्माता सांगेल तसं, साधारण २५.

आता बाईंनी चहाच्या वेळी विचारलेला प्रश्न. ‘हे तू मुलांच्या हातात देणार का गं?’

बाई, १६ इंची पंख्याचं टोक ८,००० फेऱ्यांना ताशी ६०० किलोमीटरहून जास्त वेगाने फिरतं. ते दिसतही नाही, नुसतं धुरकट वर्तुळ दिसतं. बोटाला दुसरी संधी नसते. आमच्या धंद्यात चूक झाली तर कालची आवृत्ती परत आणता येते, इथे नाही. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. या इंजिनात इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं. पंख्यामागच्या चकतीवर लोहचुंबक असतं, ते सेन्सरसमोरून गेलं की ठिणगी पडते, मग पंखा हाताने हळू फिरवला तरीही. इग्निशन चालू राहिलं असेल तर सहज हात लावलेला पंखा उसळी मारू शकतो.

म्हणून माझा आग्रह असा. इग्निशनच्या वाटेत रेडिओवर चालणारा किल-स्विच बसवायचा, त्यावर लांबून दिसेल असा दिवा. रेडिओचा संपर्क तुटला की इग्निशन आपोआप बंद झालं पाहिजे. दर रविवारी पहिल्या उड्डाणाआधी, विमान बांधलेलं असताना, ट्रान्समीटर बंद करून हे तपासायचं. शेपूट दोराने बांधल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. पंखा फिरवायला काठी किंवा विजेवरचा स्टार्टर, उघडा हात कधीच नाही. पंख्याच्या रेषेत, म्हणजे बाजूला, कोणी उभं राहायचं नाही. सगळे पंखांच्या मागे. आणि इंजिन सुरू करणं हे काम मोठ्या माणसाचंच. बाकी सगळं मुलांनी करावं: भोकं आखणं, वॉशर मोजणं, नळ्या जोडणं, उड्डाणानंतर बोल्ट तपासून वहीत सही करणं. आपल्या वेळी कार्यानुभवाला मुलांना सुतारकाम आणि मुलींना शिवण होतं. या विमानाच्या वहीत दोन्हीकडच्या सह्या असाव्यात, एवढी अट मी देणगीपत्रात घालायला सांगितली आहे.

५५ सीसीवाल्या मित्राच्या पैशांचं काय करायचं, हेही सुचवते. दोन जादा पंखे, एक जादा प्लग, कार्बोरेटरच्या पडद्यांचा संच, अग्निशामक, आणि दर वर्षी एकाने येऊन इंजिन उघडून पाहण्याचा प्रवासखर्च.

उद्या सकाळी साडेसातला प्रयोगशाळेत फळीवर कागदी साचा चिकटवून भोकं पाडायची आहेत. ५ मिलिमीटरचं धारदार ड्रिल कोणाच्या घरी असेल तर घेऊन या, शाळेचं बोथट झालंय.