जन्मसिद्ध वाटा आणि हक्कसोडपत्र

एकत्र हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत ज्याला जन्मतःच हिस्सा मिळतो त्याला कायद्याच्या परिभाषेत सहदायाद म्हणतात, आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा झाला तेव्हा मिताक्षरा परंपरेतील हा दर्जा पुरुषांकडेच राहिला. वडिलांच्या निधनानंतर त्यांच्या हिश्श्यातून जे वाट्याला येईल तेवढ्यावरच मुलीची बोळवण होत असे. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला सहदायाद मानले खरे, परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळल्यामुळे एकाच घरातील धाकटी बहीण वाटेकरी ठरली आणि थोरली ठरली नाही, हा उघड अन्याय होता. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहाची ही अट निकालात काढली.

तरीही प्रश्न मिटला नाही, कारण दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फुलवती खटल्यात म्हटले, तर २०१८ च्या दानम्मा खटल्यात २००१ मध्येच वारलेल्या पित्याच्या मुलींना हिस्सा दिला. अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निर्वाळा दिला की मुलीचा हक्क जन्मापासूनचा असल्यामुळे वडील २००५ मध्ये हयात होते की नव्हते हे पाहण्याचे कारण नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांना मात्र यामुळे बाध येत नाही; आणि ‘वाटणी तोंडी झाली होती’ हा भावांकडून हमखास घेतला जाणारा बचाव, सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तरच आणि तोही अपवाद म्हणूनच, न्यायालयाने ग्राह्य धरला.

न्यायालयात असा पक्का झालेला हक्क प्रत्यक्षात सुटतो तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. हक्कसोडपत्र म्हणजे सहहिस्सेदाराने आपला हिस्सा दुसऱ्या हिस्सेदाराच्या लाभात सोडल्याचा दस्त; त्याची नोंदणी झाली की फेरफार होतो आणि सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव कमी होते. माहेर तुटेल या धास्तीने केलेल्या सहीला राजीखुशी म्हणणे कठीण आहे. ज्या कुटुंबात भावाने कधी काही सोडल्याचे ऐकिवात नाही, तिथे बहिणीच्या सोडण्याला प्रेम ठरवणे तर अधिकच अन्यायाचे आहे.

वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीची गोष्ट वेगळी आहे, कारण ते हयात असेपर्यंत तिच्यात मुलाला किंवा मुलीला हक्क नसतो, केवळ वारसा मिळण्याची आशा असते, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ नुसार अशी आशा हस्तांतरित करता येत नाही. म्हणून अशा मिळकतीबाबत वडिलांच्या हयातीतच मुलीकडून लिहून घेतलेल्या हक्कसोडीला सहसा कायदेशीर बळ नसते. उलट वडिलोपार्जित मिळकतीतील हिस्सा सोडल्याचा नोंदणीकृत दस्त फसवणुकीने झाला असेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि त्याची मुदत फसवणूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची असते.