मामांची रायफल आणि आमची काळी टाकी

काळेवाडीतल्या आमच्या शेडमधून बोलतोय, मागे पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

आमचं काम ब्लॅकोडायझिंगचं. भोसरी-चाकणकडून पिना, बोल्ट, गिअर असे जॉब येतात, ते आम्ही काळे करून देतो. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं पाणी साधारण १४० अंशांवर उकळतं, त्यात लोखंड बुडवायचं, मग धुऊन तेलात. तो काळेपणा म्हणजे रंग नव्हे बरं का. लोखंडाचीच वरची कातडी काळ्या ऑक्साइडची होते. जाडी जेमतेम एक मायक्रॉन. बंदुकीच्या नळीवरची निळसर काळी झाकही याच जातीची.

गेल्या पावसाळ्यात मामांचा फोन आला. "अरे, आजोबांची रायफल गंजलीय. तुझ्याकडे टाकी आहेच की. सकाळी देतो, संध्याकाळी नेतो." आजोबांची .३१५ बोअरची, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, १९९१ च्या दुरुस्तीनं परवान्याची शिकारही गेली. तेव्हापासून बंदूक कपाटातच. परवाना आता मामांच्या नावावर आहे.

मी म्हटलं, "मामा, जमणार नाही." ते रागावले. "बरं, नुसती नळी आणतो." पण शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच धरतात, आणि दुरुस्तीलासुद्धा परवाना लागतो. माझ्याकडे आहे तो कारखान्याचा, बंदुकीचा नाही.

मग त्यांनी फोटो पाठवले आणि माझ्या पोटात गोळा आला. मामांनी एमरी पेपर घेऊन घासायला सुरुवात केली होती, तीसुद्धा नंबराच्या बाजूनं! मी लगेच फोन लावला. "मामा, आधी हात थांबवा."

कारण ऐका. काळं करण्याआधी जॉब साफ करावा लागतो. घासणं, बफिंग म्हणजे धातू काढणं. टाकी काहीच भरून देत नाही. खड्डा असेल तर काळा खड्डा दिसतो, आणि पुसलेला नंबर पुसलेलाच राहतो. बंदुकीवरचा नंबर पुसणं हा कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे. आजोबांची आठवण उजळायला निघालेला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढला असता.

दोन दिवसांनी मामा परवाना घेऊन परवानाधारक कारागिराकडे गेले. नंबराचे शेवटचे दोन आकडे पुसट झाले होते, पण वाचता आले, परवान्याशी जुळले. आम्ही दोघांनीही सुस्कारा टाकला.

कारागिरानं पूर्ण काळी केली नाही. तेल लावून बारीक तारेच्या लोकरीनं लाल गंज हळूहळू उतरवला. जास्त गेलेल्या जागी जुनी पद्धत वापरली. हलका गंज येऊ द्यायचा, नळी पाण्यात उकळायची, म्हणजे लाल गंज काळा होतो, मग वरची भुकटी ब्रशनं झाडायची. पुन्हा तेच, पाच-सहा वेळा. वेळ फार जातो, पण धातू फारसा जात नाही. दुनळी बंदुकीला तर हीच पद्धत बरी. तिच्या नळ्या शिशा-कथलाच्या डाकानं जोडलेल्या असतील, तर गरम कॉस्टिक तो डाकच खातं.

मॅगझिनपाशी, जिथे हातात धरून बंदूक वाहतात, तिथं काळेपणा उडून पांढरं लोखंड दिसतं. कारागिरानं विचारलं, हेही करू का? मामा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "राहू द्या. तो आबांचा हात आहे."

मी रोज हजारो पिना एकसारख्या काळ्या करतो. माझ्या धंद्यात डाग म्हणजे रिजेक्शन. त्या दिवशी पहिल्यांदा एक डाग पास झालेला पाहिला.

तुमच्या घरी जुनी बंदूक असेल तर एवढंच करा. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत ठेवू नका, ओल धरते. कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा पातळ हात द्या. नंबर आणि शिक्क्याला काहीही घासू नका. आणि परवानेवाला माणूस गेला असेल, तर चकाकीचं नंतर बघा. आधी ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसानं अर्ज करायचा.

चला, टाकी तापलीय. भेटू पुढच्या भागात.